नवशिक्यासाठी लिनक्सचे वितरण : निवडीच्या निकषांची एक चिकित्सा

१

लिनक्सकडे नव्याने वळणाऱ्याने कोणते वितरण घ्यावे, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे सातत्याने विचारला जात आहे. आणि त्याला दिली जाणारी उत्तरेही तितक्याच सातत्याने एकाच साच्यातील आहेत. चार-पाच नावे घ्यावयाची, प्रत्येकापुढे 'सोपे', 'स्थिर', 'हलके', 'देखणे' यांपैकी एखादे विशेषण ठेवावयाचे आणि अखेरीस 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून निवाडा पुन्हा विचारणाऱ्यावरच सोपवावयाचा, असा हा साचा आहे. त्यात माहिती असते, परंतु विवेचन नसते. कोणत्या निकषावर कोणते वितरण श्रेष्ठ ठरले, तो निकष नवशिक्याच्या गरजेतून निघाला की सल्लागाराच्या सवयीतून, आणि दोन निकष परस्परविरोधी असतील तर कोणाला झुकते माप द्यावे, यांची चर्चा त्यात क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखाचा उद्देश या यादीत आणखी एका यादीची भर घालण्याचा नसून यादीमागील निकष तपासण्याचा आहे.

या प्रश्नाला अलीकडे एक तातडीही प्राप्त झाली आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिची उत्तराधिकारी असलेली विंडोज ११ ही टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर यांची अट घालते. परिणामी ज्यांच्यात यंत्र म्हणून कोणताही बिघाड नाही, असे असंख्य संगणक केवळ अटीत न बसल्यामुळे निरुपयोगी ठरण्याच्या मार्गावर आले. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपवर प्रबंधाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे त्यामुळे तीनच वाटा उरतात : नवे यंत्र विकत घेणे, सुरक्षा-सुधारणांवाचून जुनीच प्रणाली चालविणे, अथवा लिनक्सकडे वळणे. तिसरी वाट स्वीकारणाऱ्याची पहिली निवड चुकली, तर तो बहुधा दुसरे वितरण शोधीत बसत नाही. 'लिनक्स आपल्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढून परत फिरतो. एका चुकीच्या सल्ल्याची किंमत ही एवढी आहे.

२

प्रथम 'वितरण' या संज्ञेचा अर्थ निश्चित केला पाहिजे. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये निर्माण केलेला लिनक्स हा वस्तुतः केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने, खिडक्या व मेनू दाखविणारे डेस्कटॉप, लेखनादी कामांचे प्रोग्रॅम आणि हे सर्व यंत्रावर उतरविणारा इन्स्टॉलर यांची जुळणी करून जी वापरण्याजोगी वस्तू सिद्ध होते, तिला वितरण म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन ही आजही हयात असलेली दोन सर्वांत जुनी वितरणे १९९३ मधील आहेत.

यावरून एक गोष्ट उघड होते. वितरणांमधील भेद हा गाभ्याचा भेद नव्हे. तो प्रामुख्याने चार बाबतींत असतो : प्रोग्रॅम कोणत्या भांडारातून व कोणत्या पद्धतीने येतात, नवी आवृत्ती किती काळाने निघते आणि तिला किती काळ आधार मिळतो, मूळचा डेस्कटॉप कोणता असतो, आणि या सर्वांचे निर्णय कोण घेते. नवशिक्यास दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात यांपैकी तिसऱ्या बाबीलाच अवास्तव महत्त्व मिळते, कारण चित्रात दिसते ती तीच. परंतु डेस्कटॉप हा बदलता येतो. डेबियनवर ग्नोम, केडीई, सिनॅमन किंवा एक्सएफसीई यांपैकी कोणताही डेस्कटॉप घेता येतो. उबुंटू व फेडोरा यांच्याही निरनिराळ्या डेस्कटॉपच्या आवृत्त्या निघतात. जे सर्वांत सहज बदलता येते त्यावर निवड आधारणे आणि जे बदलावयाचे तर वितरणच बदलावे लागते त्याकडे दुर्लक्ष करणे, हा या सल्ला-परंपरेतील मूलभूत दोष होय.

३

दुसरा दोष 'नवशिका' या शब्दाच्या सैल वापरात आहे. हा शब्द एकच असला तरी त्याच्या आड निदान तीन भिन्न माणसे उभी असतात. पहिल्यास संगणक शिकावयाचा नसतो. लेखन, वाचन, पत्रव्यवहार ही त्याची कामे असतात आणि प्रणालीने आपले अस्तित्व जाणवू देऊ नये एवढीच त्याची अपेक्षा असते. दुसऱ्यास प्रणालीचेच अध्ययन करावयाचे असते. संगणकशास्त्राचा विद्यार्थी हे त्याचे उदाहरण. तिसरा विंडोजमध्ये पारंगत असतो, परंतु लिनक्समध्ये नवा असतो. जवळ असलेले ज्ञान त्याला उपयोगी पडते तसेच अडथळाही करते.

आर्च लिनक्स हे २००२ मध्ये सुरू झालेले वितरण या भेदाच्या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. 'नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये' असे त्याच्याविषयी सरसकट सांगितले जाते. पहिल्या आणि तिसऱ्या माणसाच्या बाबतीत हे योग्यच आहे. ज्या प्रणालीत प्रत्येक घटक स्वतः निवडून बसवावा लागतो आणि जिच्यात नव्या आवृत्त्यांचा ओघ अखंड चालू असतो, ती प्रबंधलेखकाच्या उपयोगाची नाही. दुसऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र तोच निवाडा विपरीत ठरतो. प्रणालीची अंगोपांगे जाणून घेणे हेच ज्याचे प्रयोजन, त्याला ती झाकून ठेवणाऱ्या वितरणापेक्षा ती उघडी करून दाखविणारे वितरण अधिक शिकविते. मात्र त्याच्याजवळ कामासाठी दुसरे यंत्र असले पाहिजे.

४

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा दोष 'सोपे' या विशेषणात आहे. या एका शब्दात तीन निरनिराळे गुण कोंबले जातात : इन्स्टॉल करण्यास सोपे, दररोज वापरण्यास सोपे, आणि बिघडल्यावर दुरुस्त करण्यास सोपे. हे तिन्ही गुण एकत्र नांदतातच असे नाही.

इन्स्टॉल करण्याची अडचण हा एके काळी खरोखरच निर्णायक प्रश्न होता. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये निघालेले मँड्रेक आणि १९९९ मधील कॉरेल लिनक्स यांनी आपली प्रतिष्ठा या अडचणीच्या निवारणावरच उभारली होती. २००० मध्ये क्लाउस क्नोपर यांच्या नॉपिक्सने संपूर्ण प्रणाली सीडीवरूनच चालवून दाखविली, आणि पुढे हीच सोय जवळजवळ सर्व वितरणांनी उचलली. आज उबुंटू, मिंट, फेडोरा यांपैकी कोणतेही वितरण पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते आणि फारसे कौशल्य नसताना यंत्रावर उतरविता येते. म्हणजे या निकषावर आता प्रमुख वितरणांत मोठा भेद उरलेला नाही. तरीही सल्ला देणारे त्यावर भर देतात, कारण त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळातील आठवण अजून पुसली गेलेली नाही.

आजचा खरा प्रश्न बिघाडानंतरच्या घटकेचा आहे. या दृष्टीने नोव्हेंबर २०२१ मधील एक प्रकरण उद्‌बोधक आहे. लिनस सेबॅस्टियन या नामांकित कॅनेडियन संगणक-समीक्षकाने नवशिक्या म्हणून पॉप ओएस हे वितरण जाहीरपणे वापरून पाहिले. 'स्टीम' हा खेळांचा प्रोग्रॅम चित्रमय दुकानातून बसेना, म्हणून त्याने टर्मिनलमध्ये आज्ञा दिली. पॅकेजांच्या परस्परावलंबनात त्या वेळी एक चूक राहून गेली होती. तीमुळे प्रणालीने डेस्कटॉपचेच आवश्यक घटक काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, त्याविषयी इशारा दिला आणि संमतीदाखल एक संपूर्ण वाक्य टंकित करावयास सांगितले. त्याने ते केले, आणि डेस्कटॉप नाहीसा झाला.

या प्रसंगावर दोन टोकांची मते व्यक्त झाली. इशारा न वाचणारा वापरकर्ताच दोषी, असे एक मत. वितरण सदोष, असे दुसरे. पहिल्या मतात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. ज्या वापरकर्त्याला आवश्यक आणि अनावश्यक पॅकेजांतील भेद ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो इशारा म्हणजे अपरिचित लिपीतील फलक होय. यानंतर एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकातच बदल करण्यात आला आणि केवळ वाक्य टंकित करून आवश्यक घटक काढण्याची मुभा रद्द झाली. म्हणजे दोष रचनेचाही होता, हे रचनाकारांनी कृतीने मान्य केले. यातून निघणारा निष्कर्ष असा की, नवशिक्यासाठी वितरण निवडताना 'हे किती सुंदर चालते' यापेक्षा 'हे मोडल्यावर मागे कसे जाता येते' हे विचारणे अधिक युक्त आहे. या कसोटीवर लिनक्स मिंटला एक गुण निश्चितपणे द्यावा लागतो. प्रणालीची पूर्वस्थिती साठवून ठेवणारे टाइमशिफ्ट हे साधन २०१७ पासून त्या वितरणाच्या सोबतच येते. हे साधन इतरत्रही बसविता येते हे खरे. परंतु नवशिका ते बिघाडापूर्वी आपणहून बसवील, असे गृहीत धरता येत नाही.

५

'विंडोजसारखे दिसते' हा निकष तिसऱ्या प्रकारच्या नवशिक्यासमोर हमखास ठेवला जातो. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप, तसेच झोरिन हे वितरण, यांची शिफारस बहुधा याच आधारावर होते. खालच्या पट्टीवर डावीकडे मेनू आणि उजवीकडे घड्याळ असले की पहिल्या तासाची भीती नाहीशी होते, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि हे साम्य वरवरचे आहे, आणि नवशिक्याची खरी अडचण वरवरच्या साम्यातूनच उद्भवते. विंडोजच्या वापरकर्त्यास निरनिराळ्या संकेतस्थळांवरून प्रोग्रॅम उतरवून घेऊन बसविण्याची सवय असते. लिनक्समध्ये प्रोग्रॅम वितरणाच्या भांडारातून येतात, भांडारातील पॅकेजे परस्परांशी जुळवून तपासलेली असतात आणि सर्वांच्या सुधारणा एकत्र होतात. हा व्यवस्थेतील भेद आहे आणि तो लिनक्सच्या बलस्थानांपैकी एक आहे. रूप ओळखीचे दिसल्यामुळे जो व्यवस्थाही तीच आहे असे समजतो, तो पहिल्याच आठवड्यात अनोळखी ठिकाणाहून पॅकेजे आणून प्रणाली बिघडवितो. तेव्हा साम्य हा दोष नव्हे. पण साम्याची शिफारस करताना भेद सांगण्याची जबाबदारी सल्लागारावर येते, आणि ती फार थोडे पार पाडतात.

६

आतापर्यंतचे निकष वितरणाच्या गुणांविषयी होते. परंतु वितरण ही केवळ वस्तू नसून तिच्यामागे एक संस्था असते, आणि वापरकर्ता पुढील काही वर्षांसाठी त्या संस्थेच्या निर्णयांच्या अधीन होत असतो. नवशिक्यासाठी म्हणून निघालेल्या वितरणांचा इतिहास या बाबतीत सावध करणारा आहे. कॉरेलने आपले लिनक्स दोन वर्षांच्या आत झँड्रॉस या कंपनीच्या हाती दिले. २००१ मध्ये निघालेले लिंडोज, नावावरून मायक्रोसॉफ्टशी खटला झाल्यानंतर लिनस्पायर झाले आणि २००८ मध्ये तेही झँड्रॉसकडे गेले. मँड्रेकचे मँड्रिव्हा झाले आणि ती कंपनी २०१५ मध्ये विसर्जित झाली. ही वितरणे अवघड होती म्हणून लयास गेली नाहीत. आपापल्या काळी ती सर्वांत सोप्यांत गणली जात होती.

मार्क शटलवर्थ यांच्या कॅनोनिकल कंपनीचे उबुंटू ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवशिक्यांच्या दृष्टीने एक नवे पर्व सुरू झाले. २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला सीडी विनामूल्य टपालाने पाठविण्याची त्या कंपनीची योजना होती. ज्या काळी मोठी फाइल उतरवून घेणे भारतातील बहुसंख्यांना परवडत नव्हते, त्या काळी तिचे मोल मोठे होते. दीर्घकालीन आधाराच्या आवृत्तीस पाच वर्षे सुधारणा देण्याचा तिचा प्रघातही विश्वसनीय ठरला आहे. परंतु याच संस्थेने २०१२ मध्ये डेस्कटॉपवरील शोधात ॲमेझॉनच्या वस्तू दाखविण्यास आरंभ केला आणि वापरकर्त्याच्या खासगीपणाचा प्रश्न निर्माण केला. स्टॉलमन यांनी त्यावर कठोर टीका केली; २०१६ च्या आवृत्तीत ती सोय मूळ अवस्थेत बंद ठेवण्यात आली. पुढे स्नॅप या स्वतःच्या पॅकेज-पद्धतीचा आग्रह कंपनीने धरला. उबुंटूवरच आधारलेल्या मिंटने २०२० मध्ये स्नॅप आपोआप बसण्यास प्रतिबंध केला, तो या आग्रहाचा निषेध म्हणूनच.

मिंट हे क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेले आणि मुख्यतः देणग्यांवर व पुरस्कर्त्यांवर चालणारे वितरण आहे. त्याची मर्यादाही याच इतिहासात दिसते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन मूळ फाइलऐवजी दूषित फाइलकडे नेणारे दुवे ठेवण्यात आले. प्रकार लवकर उघडकीस आला व जाहीरही करण्यात आला. परंतु उतरविलेल्या फाइलची तपासणी-संख्या पडताळून पाहावी, हा एरवी कंटाळवाणा वाटणारा उपदेश किती आवश्यक आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

कंपनीचे पाठबळ म्हणजे स्थैर्य, हे समीकरणही निरपवाद नाही. सेंट ओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे अपेक्षित असताना, तो २०२१ च्या अखेरीस संपेल अशी घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली. याउलट डेबियनमागे कोणतीही एक कंपनी नाही. १९९७ मध्ये स्वीकारलेला सामाजिक करार आणि सभासदांचे मतदान यांवर तो प्रकल्प तीन दशकांहून अधिक काळ टिकून आहे. मुक्ततेच्या तत्त्वापायी बंदिस्त फर्मवेअर दूर ठेवण्याच्या त्याच्या धोरणामुळे नवशिक्याचे वायफायच चालत नसे, ही तक्रार दीर्घकाळ खरी होती. २०२२ च्या मतदानानंतर, जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून, आवश्यक फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट झाले. तरीही 'डेबियन नवशिक्यासाठी नव्हे' हे वाक्य पूर्वीइतक्याच निःशंकपणे उच्चारले जाते.

संस्थेइतकेच महत्त्व भोवतालच्या माणसांना आहे. केरळ राज्याने शालेय संगणक-शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा जो व्यापक उपयोग केला, त्याचे यश एखाद्या वितरणाच्या अंगभूत गुणांत शोधणे व्यर्थ आहे. तेथे शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, मलयाळमची सोय झाली, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीला धरून लिहिली गेली आणि शाळांसाठी उबुंटूवर आधारित स्वतंत्र आवृत्ती सिद्ध करण्यात आली. भारतीय भाषांसाठी म्हणून सी-डॅकने २००७ पासून बॉस हे डेबियनवर आधारलेले वितरण दिले. परंतु वितरण उपलब्ध होणे आणि ते विचारण्याजोगे शेजारी उपलब्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या विभागात किंवा वसतिगृहात पाच जण उबुंटू वापरतात, तेथे सहाव्याने उबुंटूच घेणे शहाणपणाचे ठरते, मग तौलनिक कोष्टकात त्याला कितीही गुण मिळोत.

७

मराठीत लेखन-संशोधन करणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक निकष जोडला पाहिजे, आणि तोच बहुधा निर्णायक ठरतो. युनिकोड मराठीची सोय आज सर्व प्रमुख वितरणांत आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक निवडता येतो, आणि लोहित, नोटो यांसारखे देवनागरी फाँट विनामूल्य मिळतात. ग्नोम व केडीई यांची मराठी भाषांतरे आहेत, परंतु ती अपुरी आहेत. या बाबतीत एका वितरणाने दुसऱ्यावर मात केली आहे असे म्हणता येत नाही.

अडचण आहे ती जुन्या मजकुराची. महाराष्ट्रातील कित्येक प्रबंध, टिपणे आणि छपाईच्या प्रती श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. फाँट नसेल तर मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, आणि तो टंकित करण्याची मूळ साधने विंडोजसाठीच घडविलेली आहेत. वितरण मिंट घ्यावे की फेडोरा, या वादाने हा प्रश्न सुटत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे व रफार तपासून, मगच स्थलांतर करावे लागते. हे काम न करता लिनक्सवर आलेल्या अभ्यासकाची निराशा वितरणाच्या खात्यावर मांडली जाते. वास्तविक ते ऋण पूर्वीच्या टंकलेखन-पद्धतीचे असते.

८

या चिकित्सेवर असा आक्षेप येऊ शकेल की, निकष एवढे वाढविल्याने नवशिक्याचा गोंधळ वाढतो. त्याला एक नाव हवे असते. आक्षेप रास्त आहे, आणि नाव देणे टाळणे हा विद्वत्तेचा भाग नव्हे. ज्याच्या आसपास जाणकार कोणी नाही, ज्याचे यंत्र काही वर्षांचे जुने पण निदान चार गिगाबाइट स्मृतीचे आहे आणि ज्याचे प्रयोजन लेखन-वाचनाचे आहे, त्याने लिनक्स मिंट घ्यावे. दीर्घकालीन आधाराचा पाया, मागे जाण्याची सोय आणि अनावश्यक नावीन्याचा अभाव ही त्याची कारणे; रूपसाम्य हे त्यांतील सर्वांत दुय्यम. यंत्र त्याहून अशक्त असल्यास, अथवा एकदा बसवून वर्षानुवर्षे न हलविण्याचा हेतू असल्यास, हलक्या डेस्कटॉपसह डेबियन योग्य. यंत्र अगदी नवे असून प्रणालीविषयी जिज्ञासाही असल्यास फेडोरा उचित. मात्र त्याची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिनेच आधार देते आणि काही ध्वनि-चित्र स्वरूपांसाठी बाहेरचे भांडार जोडावे लागते, हे आधी सांगितले पाहिजे. भोवती उबुंटूचे वापरकर्ते असतील तेथे उबुंटू.

निवड कोणतीही असो, ती मागे घेता येण्याजोगी असावी. सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, पेन ड्राइव्हवरून वितरण चालवून वायफाय, ध्वनी, प्रिंटर, झाकण मिटल्यावर यंत्राचे निद्रिस्त होणे व पुन्हा जागे होणे आणि मराठी टंकन या पाच गोष्टी त्याच यंत्रावर पडताळाव्यात, तपासणी-संख्या जुळवावी, लेखन खुल्या स्वरूपात साठवावे. हा एका सायंकाळचा उद्योग आहे. तो केलेल्या मनुष्याचे वितरण पुढे बदलले तरी त्याचे काम थांबत नाही. तो न केलेल्याच्या मदतीस यादीतील कोणतेही नाव येत नाही. नवशिक्यास सल्ला देणाऱ्याने वितरणाच्या नावाआधी ही पडताळणी सांगितली पाहिजे, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष आहे.